तूट नेमकी कुणाच्या खात्यात? दोन महायुद्धांच्या मधली मुंबई इलाख्याची अंदाजपत्रके

तुमचे प्रश्न दोन आहेत. पहिला, पहिले महायुद्ध संपल्यापासून दुसरे सुरू होईपर्यंतच्या वीस वर्षांत मुंबई इलाख्यासारख्या श्रीमंत प्रांताला अंदाजपत्रकाची तोंडमिळवणी करताना पुन्हा पुन्हा नाकी नऊ का येत होते? दुसरा, १९२९ नंतर मंदी आली तेव्हा सरकारने कर्ज काढून कामे का वाढवली नाहीत, उलट कर वाढवून पगार का कापले?

माझी सगळी नोकरी जमाखर्चाच्या कागदांत गेली. त्या अनुभवावरून आधी एक गोष्ट सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. तुटीचा आकडा सांगितला गेला की पहिल्यांदा विचारायचे: कोणते उत्पन्न कुणाच्या खात्यात जमा धरले, कोणता खर्च महसुली मानला आणि कोणता भांडवली, आणि कर्जफेडीची तरतूद खर्चात मोजली की नाही. या तीन रेघा कुठे मारल्या ते कळल्याशिवाय त्या काळातल्या एकाही तुटीचा अर्थ लागत नाही. आणि तेव्हा या रेघा मारणारे लोक मतदारांना जबाबदार नव्हते.

पहिली रेघ १९१९ च्या कायद्याने मारली. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांआधी जमीन महसूल, अबकारी, मुद्रांक, प्राप्तिकर अशी मोठी उत्पन्ने हिंदुस्थान सरकार आणि प्रांत वाटून घेत. नव्या व्यवस्थेने ही सामायिक खाती मोडली. जकात, प्राप्तिकर, मीठ, अफू, रेल्वे आणि टपाल केंद्राकडे गेले. जमीन महसूल, अबकारी, मुद्रांक, जंगल आणि पाटबंधारे प्रांतांकडे आले. कागदावर वाटणी स्वच्छ दिसते. पण या वाटणीने केंद्राच्या अंदाजपत्रकात ९ कोटी ८३ लाखांचे भगदाड पडणार होते. ते प्रांतांनी वर्गणी देऊन बुजवावे, असे लॉर्ड मेस्टन यांच्या समितीने १९२० मध्ये ठरवले. सुरुवातीच्या वर्गण्या अशा: मद्रास ३४८ लाख, संयुक्त प्रांत २४०, पंजाब १७५, ब्रह्मदेश ६४, बंगाल ६३, मुंबई ५६, मध्य प्रांत २२, आसाम १५. बिहार-ओरिसाला काहीच नाही.

हे आकडे पाहून कुणीही म्हणेल की मुंबई स्वस्तात सुटली. मद्रासचे लोक तसे म्हणतही होते. पण वर्गणी लहान का होती ते पाहा. नव्या वाटपात ज्याचा जितका फायदा झाला त्याच्या हिशेबाने वर्गणी लावली होती, आणि मुंबईचा फायदाच बेताचा होता. मद्रास किंवा संयुक्त प्रांत शेतीवर उभे, त्यांना पूर्ण जमीन महसूल मिळाला. मुंबईची कमाई गिरण्या, बंदर, व्यापार आणि सट्ट्याची, म्हणजे प्राप्तिकर आणि जकातीची. ती दोन्ही खाती केंद्राकडे. पैसा इथे तयार व्हायचा आणि त्यावरचा वाढता कर दिल्लीच्या तिजोरीत जायचा. त्या शहराला लागणारे पोलीस, दवाखाने, शाळा, न्यायालये यांचा खर्च मात्र प्रांताच्या माथी.

यावर मलम म्हणून एक नियम केला होता. १९२०-२१ मध्ये करआकारणीखाली आलेल्या उत्पन्नापेक्षा पुढे जितके जास्त उत्पन्न आकारणीत येईल, त्या वाढीवर प्रांताला रुपयामागे तीन पै मिळतील (तेव्हा रुपयाचे सोळा आणे, आण्याचे बारा पै). ऐकायला बरे वाटते. पण आधारवर्ष कोणते धरले? युद्धानंतरच्या तेजीत गिरण्यांनी अफाट नफे कमावले त्या काळाचे. १९२३ पासून कापडधंदा खाली आला आणि ती वाढ मुंबईच्या वाट्याला जवळपास आलीच नाही. आधारवर्षाच्या निवडीने आश्वासन कसे निकामी होते, याचे इतके लख्ख उदाहरण दुसरे नाही. आजही केंद्र-राज्य वाटपाचा कोणताही कागद हातात आला की मी आधी आधारवर्ष बघतो.

मेस्टन वर्गण्यांवर इतका आरडाओरडा झाला की बंगालला १९२२-२३ पासूनच सूट द्यावी लागली. बाकीच्यांच्या वर्गण्या पुढे टप्प्याटप्प्याने कमी झाल्या आणि १९२८-२९ मध्ये कायमच्या बंद झाल्या. या वर्गणीपेक्षा मोठी, पण फारशी चर्चेत न येणारी एक सक्तीची रक्कम मुंबईच्या गळ्यात होती. दुष्काळासाठी प्रत्येक प्रांताने दरवर्षी ठरावीक पैसा बाजूला काढायचा होता, आणि त्यात सर्वांत मोठा आकडा मुंबईचा: ६३ लाख ६० हजार. मद्रासला ६ लाख ६१ हजार, बंगालला २ लाख. नगर, सोलापूर, विजापूरच्या दुष्काळी पट्ट्यामुळे हे झाले, आणि तो पैसा लागणारच होता. पण पंधरा कोटींच्या आसपास महसूल असलेल्या प्रांताच्या हातात मोकळा पैसा किती उरत होता, हे यावरून समजते.

आता द्विदल राज्यपद्धतीकडे येऊ. शिक्षण, आरोग्य, शेती, अबकारी ही सोपीव खाती मंत्र्यांकडे आणि पोलीस, न्याय, जमीन महसूल, अर्थ ही राखीव खाती गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे. मंत्र्याने योजना करायची आणि पैसा मागायचा दुसऱ्याच्या दारी. रँग्लर परांजपे १९२१ ते १९२३ शिक्षणमंत्री होते. १९२३ चा प्राथमिक शिक्षणाचा कायदा त्यांचा. सक्तीचे शिक्षण स्थानिक संस्थांनी लागू करायचे आणि वाढीव खर्चापैकी दोन तृतीयांश जिल्हा लोकल बोर्डांना व निम्मा नगरपालिकांना सरकारने द्यायचा, अशी रचना होती. कायदा चांगला होता. पण बोर्डांकडून योजना येऊ लागल्या तेव्हा सरकारी हिस्सा द्यायला तिजोरीत पैसा नव्हता. कायदे मंडळाने राखीव खात्याची मागणी कापली तर गव्हर्नर ती आपल्या अधिकारात परत घालू शकत असे. सोपीव खात्याला असे कवच नव्हते. त्यामुळे कात्री चालली की ती शाळा, दवाखाने आणि विहिरींवर आधी चालायची. हे कुणाच्या दुष्टपणामुळे घडत नव्हते. ज्या खर्चाला कायद्याचे संरक्षण नसते तो आधी कापला जातो, ही प्रत्येक अर्थ विभागाची रीत आहे.

दुसरी रेघ महसुली आणि भांडवली खर्चाची. तिचा सर्वांत महागडा धडा मुंबईनेच दिला. सर जॉर्ज लॉइड १९१८ च्या अखेरीस गव्हर्नर झाले. माणूस धडाडीचा. १९२० मध्ये त्यांनी विकास संचालनालय काढले, साडेसहा टक्क्यांचे विकास कर्ज उभारले, आणि बॅकबेचा समुद्र हटवून ११४५ एकर जमीन काढण्याची योजना हाती घेतली. पहिला अंदाज ३ कोटी ६७ लाखांचा होता. काम सुरू होता होता तो ७ कोटी २ लाखांवर गेला आणि पुढे अकरा कोटींपलीकडे. व्याजासकट सगळा खर्च जमिनीच्या विक्रीतून फिटेल, म्हणून महसुली अंदाजपत्रकावर बोजा नाही, असे गृहीत धरले होते. ही गृहीतके कधी केली? तेजीत, जेव्हा कुलाब्याच्या जमिनीला मागाल तो भाव होता. गाळ उपसणाऱ्या ड्रेजरने अपेक्षेच्या मानाने फार कमी काम केले, भराव पाण्याबरोबर वाहून जाऊ लागला, आणि तोवर जमिनीचे भाव कोसळले होते.

मुंबईचे वकील खुर्शेद नरिमन यांनी हे प्रकरण कायदे मंडळात आणि वृत्तपत्रांत लावून धरले. हार्वे नावाच्या अधिकाऱ्याने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला, त्यातून ते निर्दोष सुटले. १९२६ मध्ये सर ग्रिमवुड मिअर्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. शेवटी आठपैकी चारच भाग पूर्ण केले आणि त्यातला सातवा लष्कराला विकला. आज मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसणाऱ्यांना तो समुद्रकिनारा कुणाच्या पैशाने झाला याची कल्पना नसते. विक्री झाली नाही तेव्हा व्याज कुठून आले? सर्वसाधारण महसुलातून. म्हणजे भांडवली म्हणून बाजूला ठेवलेला खर्च पाचसहा वर्षांनी व्याजाच्या रूपाने महसुली अंदाजपत्रकात शिरला, आणि त्याची किंमत धारवाडच्या नाहीतर रत्नागिरीच्या शाळेने मोजली.

त्याच संचालनालयाने कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधायचे ठरवले होते. त्यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर लावला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला मिळून २०७ चाळी झाल्या, खोल्या सुमारे सोळा हजार. भाडे बांधकामाच्या खर्चावर बसवले तर कामगाराला परवडेना, आणि परवडेल असे ठेवले तर व्याज सुटेना. कित्येक वर्षे खोल्या रिकाम्या राहिल्या. तरी मी या दोन योजनांना एका पारड्यात तोलत नाही. या चाळी (विकास खात्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून बीडीडी चाळी) आर्थिकदृष्ट्या तोट्यात होत्या, पण त्यांनी तीनचार पिढ्यांना छप्पर दिले. बॅकबेची योजना नफ्याचे वचन देऊन उभी राहिली होती, त्यामुळे तिला नफ्याचाच मापदंड लावला पाहिजे. लॉइड यांचेच नाव लागलेले सिंधमधले सक्करचे धरण १९३२ मध्ये सुरू झाले. सुमारे वीस कोटी खर्च झालेल्या त्या कामाने लाखो एकर भिजवले. गव्हर्नर एक, काळ तोच, पैसाही कर्जाचाच. परतफेडीचा अंदाज कशावर बांधला होता, एवढाच फरक. सक्करचा पिकावर होता आणि बॅकबेचा जमिनीच्या भावावर.

केंद्रात काय चालले होते ते आता थोडक्यात. १९१८-१९ ते १९२२-२३ अशी सलग पाच वर्षे तूट, एकूण सुमारे शंभर कोटींची. १९१९ चे अफगाण युद्ध, वायव्य सरहद्दीवरच्या मोहिमा आणि फुगलेले लष्कर ही मुख्य कारणे. सर्वसाधारण आयात जकात युद्धापूर्वी ५ टक्के होती, ती १९२१ मध्ये ११ आणि १९२२ मध्ये १५ टक्के झाली. लॉर्ड इंचकेप यांच्या काटकसर समितीने, ज्यात आपले पुरुषोत्तमदास ठाकुरदास आणि दादिबा दलालही होते, १९२३ मध्ये सुमारे १९ कोटींची कपात सुचवली. त्यात लष्कराचा वाटा मोठा होता, आणि ही बरीचशी कपात अमलातही आली. तेवढ्याने भागेना म्हणून अर्थसदस्य बेसिल ब्लॅकेट यांनी मिठावरचा कर मणामागे सव्वा रुपयावरून अडीच रुपये करायचे ठरवले. कायदे मंडळाने नकार दिला. व्हाइसरॉय रीडिंग यांनी आपल्या विशेषाधिकाराने तो लागू केला. दुसऱ्या वर्षी तो मागे घ्यावा लागला, पण संदेश पोहोचला होता: लष्करी खर्चावर मत देण्याचा अधिकार मंडळाला नव्हता आणि मिठाच्या करावर दिलेले मत कुणी जुमानत नव्हते.

यापुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यात आहे. तो रुपयाच्या भावाचा.

१९२६ मध्ये चलनाचा विचार करायला नेमलेल्या हिल्टन यंग आयोगाने रुपया १ शिलिंग ६ पेन्सला, म्हणजे अठरा पेन्सला, बांधावा अशी शिफारस केली आणि १९२७ मध्ये तसा कायदा झाला. ठाकुरदास यांनी भिन्नमत पत्रिका जोडून १ शिलिंग ४ पेन्सचा, म्हणजे सोळा पेन्सचा, आग्रह धरला. मुंबईच्या गिरणीवाल्यांपासून कापूस पिकवणाऱ्यांपर्यंत सगळे सोळा पेन्सच्या बाजूचे, कारण महाग रुपयाने निर्यातीच्या मालाला रुपयांत कमी भाव मिळतो आणि परदेशी कापड स्वस्त पडते. मग सरकार अठरा पेन्सना का चिकटून बसले? हिशेब करून पाहा. हिंदुस्थान सरकारला दरवर्षी लंडनमध्ये पौंडांत पैसे द्यावे लागत: कर्जावरचे व्याज, निवृत्तिवेतने, लष्करी सामान. साधारण तीन कोटी पौंड धरा. अठरा पेन्सच्या दराने एका पौंडाला तेरा रुपये पाच आणे चार पै लागतात, म्हणजे चाळीस कोटी रुपये. सोळा पेन्सच्या दराने पौंडाला पंधरा रुपये, म्हणजे पंचेचाळीस कोटी. दोन पेन्सचा फरक अंदाजपत्रकाला पाच कोटींचा. मिठाच्या सगळ्या कराचे वार्षिक उत्पन्न सहासात कोटी होते, त्यावरून या पाच कोटींचे वजन ओळखा.

म्हणजे केंद्राचे अंदाजपत्रक संतुलित राहिले ते काही अंशी शेतकऱ्याच्या मालाचा रुपयातला भाव दाबून. हा खर्च कुठल्याही लेखाशीर्षाखाली दिसत नाही, त्यावर मतदान होत नाही, त्याला कुणी कर म्हणत नाही. १९३० च्या जानेवारीत गांधीजींनी व्हाइसरॉयपुढे अकरा मागण्या ठेवल्या. त्यातल्या सात सरळ अंदाजपत्रकाच्या आहेत: दारूबंदी, सोळा पेन्सचा दर, जमीन महसुलात निम्मी घट, मीठकर रद्द, लष्करी खर्चात निम्मी कपात, बड्या अधिकाऱ्यांच्या पगारात कपात, परदेशी कापडावर संरक्षक जकात. अनेकांना ती यादी तेव्हा विस्कळीत वाटली. जमाखर्चाच्या माणसाच्या नजरेने वाचा, ती एक अख्खी अर्थसंकल्पीय भूमिका आहे. उत्पन्न कुठे सोडायचे आणि ते सोडता यावे म्हणून खर्च कुठे कापायचा, दोन्ही बाजू तिच्यात आहेत.

मग मंदी आली. केंद्राचा सर्वांत मोठा आधार जकात. व्यापार आटला तशी ती आटली. १९३०-३१ मध्ये तूट सुमारे साडेअकरा कोटी, १९३१-३२ मध्येही साधारण तेवढीच. अर्थसदस्य जॉर्ज शूस्टर यांनी मार्च १९३१ मध्ये कर वाढवले आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा पुरवणी अंदाजपत्रक आणले. जकात, प्राप्तिकर, मीठ या सगळ्यांवर पंचवीस टक्के अधिभार. प्राप्तिकराची सूटमर्यादा दोन हजारांवरून एक हजार. कार्ड अर्ध्या आण्याचे पाऊण आणा, पाकीट एका आण्याचे सव्वा आणा. सरकारी पगारात दहा टक्के कपात. कायदे मंडळाने हे विधेयक फेटाळले आणि व्हाइसरॉय विलिंग्डन यांनी ते प्रमाणित करून लागू केले.

याच महिन्यांत लंडनमध्ये हुबेहूब असेच नाटक चालू होते. सर जॉर्ज मे यांच्या समितीने जुलै १९३१ मध्ये बारा कोटी पौंडांची तूट येणार असे सांगितले आणि बेकारभत्त्यात वीस टक्के कपात सुचवली. मजूर पक्षाचे मंत्रिमंडळ त्यावर फुटले. सप्टेंबरमध्ये पगारकपातीच्या बातमीने इनव्हरगॉर्डनला नौदलाच्या खलाशांनी काम बंद केले आणि २१ सप्टेंबरला ब्रिटनने सुवर्णपरिमाण, म्हणजे पौंडाची सोन्याशी घातलेली गाठ, सोडले. मात्र त्या बारा कोटींत पाच कोटी पौंड कर्जफेड निधीचे होते. जुने कर्ज फेडण्यासाठी बाजूला काढलेली रक्कम चालू खर्च म्हणून मोजली होती. ती वगळली असती तर संकट होतेच, पण एक सरकार पाडण्याइतके होते का, हा प्रश्न उरतो.

आपल्याकडे तिसरी रेघ नेमकी हीच. ब्लॅकेट यांनी कर्जफेडीचा नियम घालून दिला होता: दरवर्षी चार कोटी, अधिक मार्च १९२३ नंतर वाढलेल्या कर्जाचा ऐंशीवा हिस्सा. चांगल्या दिवसांत हा नियम उत्तम, त्याने सरकारची पत टिकली. पण १९३१-३२ च्या साडेअकरा कोटींच्या तुटीत या तरतुदीचे सहा कोटींच्या वर होते. म्हणजे निम्म्याहून जास्त तूट जुने कर्ज फेडण्यासाठी होती, आणि ती भरून काढायला मिठावर अधिभार बसवला. १९३३-३४ मध्ये ही तरतूद तीन कोटींवर आणली गेली आणि आकडे एकदम सुधारलेले दिसू लागले. नियम बदलता येत होता. दोन वर्षे उशिरा बदलला.

कपात आणि अधिभार परत कसे घेतले गेले, तेही पाहा. दहा टक्के पगारकपात १९३३ मध्ये पाच टक्क्यांवर आली आणि १९३५ मध्ये पूर्ण उठली. मिठावरचा अधिभार उठला नाही. सव्वा रुपयाचे एक रुपया नऊ आणे झाले होते ते १९४७ मध्ये करच रद्द होईपर्यंत तसेच राहिले.

मंदीत कर्ज काढून कामे का केली नाहीत? ती कल्पना तेव्हाच्या अर्थखात्यांना परकी होती हे खरे, पण तेवढेच कारण पुरेसे नाही. पौंड सोन्यापासून सुटला तेव्हा रुपयाही मोकळा करावा असा दिल्लीचा कल होता. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाने राजीनाम्याची भाषा केली, पण लंडनने रुपया अठरा पेन्सलाच पौंडाला बांधून ठेवला. तो दर टिकवायचा तर पैसा आवळणे भाग होते, आणि कर्ज देणाऱ्यांना संतुलित अंदाजपत्रक दाखवणेही भाग होते. लंडनला पाठवायचा पौंड शेवटी मिळाला तो कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या घरांतून निघालेल्या दागिन्यांतून. पुढच्या काही वर्षांत शेकडो कोटींचे सोने देशाबाहेर गेले. १९३५ पर्यंत सरकारला तीन-साडेतीन टक्क्यांनी हवा तेवढा पैसा मिळू लागला होता. तेव्हा तरी पाटबंधारे, रस्ते, विहिरी यांवर तो लावायला हवा होता. त्या वर्षी ग्रामसुधारणेसाठी सगळ्या प्रांतांना मिळून सुमारे एक कोटी दिले गेले. मला त्या काळातली सर्वांत मोठी चूक हीच वाटते. १९३१ च्या सप्टेंबरमध्ये हात बांधलेले होते असे एक वेळ मान्य करू, १९३५ मध्ये नव्हते.

प्रांतात मंदीचा फटका वेगळ्या वाटेने आला. जमीन महसूल रोख रकमेत ठरलेला, आणि कापसाचा भाव दोनतीन वर्षांत निम्म्यावर आलेला. म्हणजे तेवढाच सारा भरायला दुप्पट कापूस विकावा लागे. तहकुबीचा नियम होता, पण तो आणेवारीवर. आणेवारी पीक मोजते, भाव मोजत नाही. पीक चांगले आले आणि भाव मातीमोल झाला तर कागदोपत्री शेतकरी सुखी, वसुली चालू. मंदीत काही ठिकाणी सूट दिली गेली, पण ती सरकारच्या मेहेरबानीने, हक्काने नव्हे. बारडोलीत १९२८ मध्ये काय झाले होते ते आठवा. सरकारने बावीस टक्के वाढ लावली, सत्याग्रहानंतर चौकशी झाली आणि ती सहा टक्क्यांच्या आसपास आली. आकारणीचे गणित किती सैल होते, हे त्या तफावतीतच दिसते.

डॉ. आंबेडकरांनी १९२७ मध्ये मुंबई कायदे मंडळात अंदाजपत्रकावर बोलताना याच वर्मावर बोट ठेवले. व्यापाऱ्याला वर्षात उत्पन्न झाले नाही तर प्राप्तिकर नाही, शेतकऱ्याला पिकले नाही तरी सारा आहेच. प्रांतिक वित्तव्यवस्थेवर त्यांनी आधी प्रबंधच लिहिला होता, त्यामुळे हा हल्ला भावनेचा नव्हता, रचनेवरचा होता. आणि त्या रचनेची दुसरी खोट त्यांनी अबकारीत दाखवली. जमीन महसूल आणि दारू ही दोन खाती मिळून इलाख्याचे निम्म्याहून अधिक उत्पन्न देत होती. गरिबाच्या शेतातून आणि गरिबाच्या व्यसनातून.

१९३७ मध्ये बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले आणि अण्णासाहेब लठ्ठे अर्थमंत्री झाले. कोल्हापूरचे दिवाण राहिलेला हा माणूस, जमाखर्चात मुरलेला. त्यांच्यापुढचा पेच मला आजही थक्क करतो. दारूबंदी हे काँग्रेसचे वचन, आणि अबकारी म्हणजे उत्पन्नाचा जवळपास चौथा हिस्सा. शिक्षण वाढवायचे, साऱ्यात सूट द्यायची, आणि चौथा हिस्सा सोडूनही द्यायचा. १९३५ च्या नव्या कायद्याखाली ऑटो निमायर यांनी प्राप्तिकरातला प्रांतांचा वाटा ठरवला होता आणि त्यात मुंबईला बंगालइतकाच, वीस टक्के, हिस्सा मिळाला होता. अठरा वर्षांची तक्रार तत्त्वतः मान्य झाली, पण पैसा हप्त्याहप्त्याने आणि रेल्वेच्या स्थितीवर अवलंबून येणार होता.

लठ्ठ्यांनी उधारी केली नाही. १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी आली आणि तिची भरपाई म्हणून शहरी स्थावर मालमत्तेवर वार्षिक भाड्याच्या दहा टक्के कर बसवला. डॉ. गिल्डर अबकारी मंत्री होते आणि स्वतः पारशी असूनही त्यांना पारशी समाजाचा रोष पत्करावा लागला, कारण दारूचे परवाने आणि घरे दोन्हींत त्या समाजाचा पैसा होता. आंबेडकरांचा आक्षेप वेगळा होता. शिक्षण आणि आरोग्य उपाशी असताना पहिला घास दारूबंदीला का, असे त्यांनी विचारले. माझे मत विचाराल तर प्राधान्याच्या बाबतीत आंबेडकर बरोबर होते. पण कराच्या बाबतीत लठ्ठ्यांचे पाऊल वीस वर्षांतले सर्वांत धाडसी होते. तोवर तूट आली की मीठ, कार्ड आणि काडेपेटी महागायची. या वेळी पहिल्यांदा मलबार हिलच्या बंगल्याला हात घातला गेला.

अपेक्षेप्रमाणे प्रकरण न्यायालयात गेले. एका बड्या घरमालकाचे म्हणणे असे की हा कर प्रत्यक्षात उत्पन्नावरचा आहे, आणि उत्पन्नावरचा कर लावणे केंद्राचे काम, प्रांताचे नाही. १९१९ मध्ये ओढलेली तीच रेघ आता प्रांताविरुद्ध वापरली जात होती. मुंबई उच्च न्यायालयाने हा कर जमीन आणि इमारतींवरचा आहे, म्हणून प्रांताच्या अधिकारातला आहे, असा निकाल दिला. खेर मंत्रिमंडळाने नोव्हेंबर १९३९ मध्ये युद्धाच्या प्रश्नावर राजीनामा दिला. कर मात्र गव्हर्नरच्या राजवटीतही वसूल होत राहिला.